चुकण्याची मुभा

घरोघर जाऊन माहिती गोळा करणाऱ्या कुठल्याही मोठ्या पाहणीत मुलाखतींच्या आधी एक काम असतं. गावाचा नजरी नकाशा काढायचा आणि घरयादी करायची. अहवालात त्याच्या वाट्याला फार तर एक परिच्छेद येतो, पण ते बिघडलं तर पुढचं सगळं बिघडतं. या कामाला दोघांची जोडी जाते. एकानं नकाशा काढायचा, दुसऱ्यानं यादी लिहायची. जनगणनेत रुळलेली पद्धत अशी, की सुरुवात वायव्य कोपऱ्यातून करायची आणि नागमोडी जात आग्नेयेकडे उतरायचं. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, जिथं कुणी राहत नाही ती वास्तू भरीव. उत्तरेचा बाण कागदाच्या वर. नंबर कुठल्या क्रमानं टाकत गेलो ते दाखवणारे छोटे बाण रस्त्यांवर. गाव मोठं असलं तर त्याचे तुकडे पाडायचे आणि त्यांतले ठरावीकच घ्यायचे. काही आठवड्यांनी मुलाखती घेणारं दुसरंच पथक तो कागद हातात घेऊन येतं आणि यादीतून निवडलेली वीस-बावीस घरं शोधतं. नकाशा काढणारे तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात. आपला नकाशा कसा होता हे त्यांना सहसा कळत नाही. ज्यांना त्याच्यावरून चालावं लागतं, त्यांना बरोबर कळतं.

मी या कामाच्या दोन्ही टोकांना राहिलेय. आधी मुलाखतींच्या पथकात, मग यादी-नकाशाच्या जोड्यांवर देखरेख करायला, आणि आता बरीच वर्षं नव्या मुलामुलींना शिकवायला. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी एक वाटणी आपोआप होते. जोडीत एक मुलगा आणि एक मुलगी असली, की नकाशाचं पॅड मुलाकडे जातं आणि यादीचे फॉर्म मुलीकडे. तशी सूचना कुठंही लिहिलेली नाही. मुलाला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, तिचं अक्षर चांगलंय." मुलीला विचारलं तर ती हसून म्हणते, "मला नाही कळत उत्तर-दक्षिण." दोघंही समाजकार्याचे पदवीधर. दहावीच्या भूगोलात दोघांनीही नकाशा सारखाच भरलेला.

"मला दिशा कळत नाहीत" हे वाक्य प्रत्येक तुकडीत निदान दोघी-तिघी म्हणतातच. हुशार मुली म्हणतात, धीट मुली म्हणतात. त्यात लाज नसते, तक्रारही नसते. चष्म्याचा नंबर सांगावा तसं त्या सांगतात. म्हणून हे नुसतं सवयीचं बोलणं आहे की त्यात काही तथ्य आहे, ते मी शोधत राहिले.

तथ्य आहे. कॅरल लॉटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्ही रस्ता कसा शोधता. उत्तरांतून दोन तऱ्हा निघाल्या. एक म्हणजे वळणांचा आणि खुणांचा क्रम धरून जायचं: इथून डावीकडे, मग पेट्रोल पंप, मग उजवीकडे. दुसरी म्हणजे आपण या घडीला कुठल्या दिशेला आहोत याचं भान धरून जायचं. स्त्रियांनी पहिली तऱ्हा जास्त सांगितली, पुरुषांनी दुसरी. ठोकळ्यांची आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखायच्या ज्या चाचण्या असतात, त्यांतही पुरुषांची सरासरी वर येते, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. सरासरी वर येते याचा अर्थ प्रत्येक पुरुष प्रत्येक बाईच्या पुढे असतो असा नाही. दोन्हीकडच्यांचा मोठा भाग एकमेकांत मिसळलेलाच असतो. तरी फरक आहे, आणि तो नाकारण्यात मला रस नाही.

लॉटनबाईंच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या कामाच्या दृष्टीनं ती जास्त मोलाची आहे. रस्ता सापडेल का याची धास्तीही स्त्रियांनी जास्त सांगितली. आणि ज्यांना धास्ती जास्त, त्या दिशांच्या भरवशावर कमी जात होत्या.

आता आपल्याकडचं बघू. खुणांवरून चालणं ही आपल्या गावांत बायकांची खासियत नाहीच. आपल्या गल्ल्यांना पाट्या नसतात, असल्या तर कुणी वाचत नाही. कुणालाही पत्ता विचारा, मारुतीच्या देवळापासून सुरुवात होणार. गूगलनं २००९ मध्ये भारतातल्या नकाशांत मुद्दाम खुणांवरून रस्ता सांगायची सोय केली, ती याच कारणानं. तेव्हा खुणा सगळ्यांच्याच. फरक पडतो तो कुठल्या खुणा, यात.

एका तालुक्याच्या गावात आम्ही प्रशिक्षणार्थींना एकाच घराचा पत्ता वेगवेगळ्या लोकांना विचारायला लावला. पुरुषांनी सांगितलेला रस्ता साधारण असा होता: डेपोच्या मागून, गॅरेजवरून पुढं, देशी दारूच्या दुकानापाशी डावीकडं, तिथून तिसरी गल्ली. बायकांनी सांगितलं: पिठाच्या गिरणीवरून या, रेशन दुकान लागेल, पुढं अंगणवाडी, तिथं कुणालाही विचारा. दोन्ही रस्ते बरोबर होते. पुरुषांचा जवळचा होता. पण माझ्या प्रशिक्षणार्थी मुली देशी दुकानापाशी आल्या की न बोलता मागच्या गल्लीला वळायच्या. ते वळण कुठल्याच नकाशात नव्हतं. आणि बायकांच्या सांगण्यातलं ते शेवटचं "कुणालाही विचारा" हे रस्त्याच्या वर्णनाचाच भाग होतं. जिथं विचारायला माणूस असेल, असाच रस्ता त्यांनी निवडून सांगितला होता.

वेळेचंही तसंच. सकाळी अकराला अंगणवाडीसमोरून जाणारा रस्ता आणि संध्याकाळी सातला तोच रस्ता, हे आमच्या पथकातल्या मुलींच्या लेखी दोन वेगळे रस्ते असतात. कागदावर मात्र एकच रेघ असते. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं, की जायचा-यायचा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली चांगलं कॉलेज मिळत असतानाही खालच्या क्रमांकाचं पत्करतात, आणि मुलांपेक्षा जास्त पैसे मोजायलाही तयार असतात. आयुष्याला वळण देणारा निर्णय असा रस्त्यापायी ठरतो. मग गल्लीतलं एक वळण काय!

दिवसाच्या आखणीतही हा फरक रोज दिसतो. पथकाला दिवसभरात काही घरं करायची असतात. घर बंद असेल तर पुन्हा जायचं, तरीही नाही सापडलं तर आणखी एकदा. मुलांच्या जोड्या बहुतेक वेळा गावाच्या लांबच्या टोकापासून सुरू करतात. मोटारसायकलवरून थेट तिथं जायचं आणि करत करत मुख्य रस्त्याकडे यायचं. कागदावर बघितलं तर उत्तम. मुलींच्या जोड्यांची आखणी वरवर विस्कळीत दिसते. मध्येच एक घर, मग वस्तीवर, मग परत गावात. हे असं का, म्हणून मी एका जोडीला बसवून विचारलं. त्यांनी एकेक कारण सांगितलं. खुरपणीला जाणाऱ्या बायका नऊच्या आत निघतात, म्हणून ती घरं आधी. दुपारी बाराच्या सुमारास ज्या घरी शौचालय आहे आणि जिथली काकू "आत जा गं" म्हणेल, ते घर बरोबर जेवणाच्या वेळेला येईल असं ठेवलं. वस्तीवर कुत्री आहेत, म्हणून शाळा सुटायच्या वेळेला जायचं, पोरांबरोबर. शेवटचं घर थांब्याजवळचं, कारण साडेपाचची एसटी चुकली तर पुढची थेट मुक्कामी गाडी. हे सगळं त्यांनी कुठंही लिहिलं नव्हतं. एका हिशेबात किती गोष्टी धरल्या होत्या! जागा, वेळ, माणसं, शरीराची गरज आणि परतीची गाडी. ज्या मुली "मला दिशा कळत नाहीत" म्हणतात, त्यांचीच ही आखणी.

मेक्सिकोतल्या त्लाश्काला राज्यात काही संशोधकांनी जंगलात अळंबी गोळा करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या मागे जीपीएस घेऊन फिरून नोंदी केल्या. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांनी जमवलेली अळंबी साधारण सारखीच भरली. पण पुरुष जास्त लांब आणि जास्त उंचावर गेले, त्यांची शक्ती जास्त खर्च झाली. स्त्रिया जास्त ठिकाणी थांबल्या आणि कमी श्रमात तेवढंच घेऊन आल्या. आमच्या मुलींच्या विस्कळीत दिसणाऱ्या आखणीची मला यात आठवण होते. कागदावरची रेघ सरळ नाही म्हणून तिला नियोजन नाही असं म्हणता येत नाही.

तरीही प्रश्न उरतोच. हा फरक येतो कुठून?

पाहण्यांत येण्याआधी मी नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामावर होते. तिथं सूक्ष्म नियोजनाच्या सुरुवातीला शिवारफेरी व्हायची, आणि मग देवळासमोरच्या जागेत रांगोळी, विटांची भुकटी, पानं, खडे वापरून लोकच आपल्या गावाचा नकाशा काढायचे. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा. पुरुष आधी डांबरी रस्ता आणि ओढा काढायचे, मग गट नंबर, विहिरी, पाझर तलाव. बायका आधी घरं काढायच्या, मग हापसा, सरपणाची जागा, शेताकडे जायची पायवाट, उन्हाळ्यात आधी आटणारी विहीर आणि परसाकडे जायची जागा. ही शेवटची जागा पुरुषांच्या नकाशात मी कधी पाहिली नाही. पुरुषांचे नकाशे दिशांना धरून असायचे, आणि त्याचं कारणही उघड होतं. जमिनीचे व्यवहार, मोजणी, बांधावरची भांडणं हे सगळं तेच बघायचे. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस कोण आणि पश्चिमेस कोण हे तोंडपाठ लागतं. तलाठ्याच्या कार्यालयात चार हेलपाटे घातले की दिशा आपोआप अंगात येतात.

त्या कामात एका गावच्या आजींनी रांगोळी हातात घेतली आणि विचारलं, "कुठल्या गावाचा काढू? माहेरचा का सासरचा?" सगळ्या हसल्या. आम्ही म्हटलं, दोन्ही काढा. माहेरचा नकाशा त्यांनी उभ्या उभ्या, वाकून, भराभर काढला. डोंगर, त्याच्या दोन सोंडा, खिंडीतली वाट, शेजारच्या गावची शीव, पावसाळ्यात ओढा उतरायची एकमेव जागा, आणि रानातून शेजारच्या गावच्या बाजाराला जायची जवळची वाट. सूर्य कुठल्या सोंडेमागं मावळतो तेही दाखवलं. लग्न होईपर्यंत त्या शेरडांमागं फिरल्या होत्या. मग सासरचा नकाशा. घर, हापसा, आपलं शेत, देऊळ, आणि प्रत्येकाकडे जाणारी एकेक रेघ. मधली जागा कोरी. त्या गावात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. मी विचारलं, इकडं पलीकडं काय आहे? तर म्हणाल्या, "तिकडं माझं काय काम?"

डोकं एकच होतं, नकाशे दोन निघाले. एका गावात त्यांना उनाडायला मिळालं होतं, दुसऱ्या गावात कामापुरतं जायला. रॉजर हार्ट यांनी अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या मुलांचा अभ्यास १९७९ मध्ये पुस्तकरूपात मांडला. त्यातही मुलांना घरापासून जितकं लांब एकट्यानं जाऊ देत, तितकं मुलींना जाऊ देत नसत. आपल्याकडे तर याच्यात लग्नाची भर पडते. मुलगी जिथं थोडीफार फिरलेली असते ते गाव सुटतं आणि जिथं ती सून असते तिथं फिरण्याला कारण लागतं. विहिरीवर जाणं हे कारण आहे, शेतावर जाणं हे कारण आहे, देवळात जाणं हेही आहे. सहज म्हणून खिंडीपर्यंत जाऊन येणं हे नाही.

कारण लागत नाही तेव्हा काय होतं, हे मी कोकणात पाहिलं. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे अकराशेच्या वर स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, घर-शेत बायकांवर. तिथल्या वाड्या एकमेकींपासून लांब, चढउताराच्या, पाणंदींनी जोडलेल्या. घाटावरच्या आमच्या पोरांना तिथं नकाशा काढताना घाम फुटतो, कारण सरळ गल्ली म्हणून कुठंच नसते. अशा एका वाडीत शेणानं हात भरलेल्या बाईंनी आम्हाला दारातूनच रस्ता सांगितला. सडा ओलांडा, पश्चिमेला उतरा, वहाळ डाव्या हाताला ठेवा, दुसऱ्या गडग्यापाशी वर चढा. आणि जाता जाता, कुठल्या गडग्यापासून कुठल्या फणसापर्यंत कुणाचं आहे, तेही सांगितलं. तलाठ्याकडे त्याच जायच्या, आंब्याच्या व्यापाऱ्याला बागेची हद्द त्याच दाखवायच्या. मे महिन्यात आलेला त्यांचा चाकरमानी नवरा ओट्यावर बसून ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं, "ती वाट अजून चालू आहे?" या बाईंना कुणी दिशांचं शिक्षण दिलं नव्हतं. कामाचा पट्टा वाढला, तसा डोक्यातला नकाशा वाढला.

मेंढ्या घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यातही मला हेच दिसतं. पुरुष मेंढरांमागं रानानं जातात आणि बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून, पोरंबाळं घेऊन वेगळ्या वाटेनं पुढच्या मुक्कामाला पोचतात. त्या बायकांना रस्ता कळत नाही असं म्हणायचं धाडस कोण करील?

माझ्या अनुभवाला पुराव्याचं बळ मिळालं ते मेघालयातून. मोशे हॉफमन, उरी ग्नीझी आणि जॉन लिस्ट या संशोधकांनी तिथल्या दोन शेजारी समाजांत एक सोपा प्रयोग केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. खासी समाज मातृवंशीय, तिथं वारसा मुलीकडे जातो. कार्बी समाज पितृवंशीय. सुमारे तेराशे लोकांना एक जुळवायचं कोडं दिलं आणि ते सोडवायला किती वेळ लागतो ते मोजलं. कार्बी गावांत पुरुषांनी कोडं स्त्रियांपेक्षा लवकर सोडवलं. खासी गावांत स्त्री-पुरुषांतला फरक नाहीसा झाला. शिक्षणातल्या तफावतीनं यातला सुमारे एक तृतीयांश भाग उलगडला. बाकीचा कशाचा, यावर वाद घालता येईल, पण तो जन्मजात असता तर शेजारच्या समाजात पुसला गेला नसता. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांत, जिथं स्त्रिया आणि पुरुष दोघंही रानात बरंच चालतात, लांबच्या ठिकाणाची दिशा बोटानं दाखवायला सांगितली तेव्हा दोघांत फरक आढळला नाही, असं २०१६ च्या एका अभ्यासात आहे. आणि स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी २०१६ मध्ये मोबाइलवर आणलेला 'सी हीरो क्वेस्ट' हा बोट हाकायचा खेळ जगभरात लाखो लोक खेळले. ५७ देशांतल्या खेळाडूंची माहिती तपासून २०१८ मध्ये जो निष्कर्ष आला, त्यात स्त्री-पुरुषांतली तफावत होती. मात्र ज्या देशांत स्त्रियांना समान संधी जास्त, तिथं ती कमी होती.

मग मला समजलेलं सगळं एका वाक्यात सांगायचं तर असं: रस्ता कळतो तो चुकून चुकून, आणि चुकण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते.

मुलगा वाट चुकला तर काय होतं? टपरीवर चहा पितो, विचारतो, उशिरा परत येतो. रात्री तोच किस्सा रंगवून सांगतो. त्याला त्या दिवशी दोन जास्तीच्या वाटा कळलेल्या असतात. मुलगी वाट चुकली तर घरचा फोन, मग माझा फोन, मग गावातल्या कुणाचा प्रश्न, "कुणाच्या तुम्ही? एकट्याच?" उशीर दोनदा झाला, की वडील म्हणतात, राहू दे ती नोकरी. पथकातल्या मुली मला सोडून गेल्या त्या नकाशा जमेना म्हणून नव्हे, उशिरापायी. अशा वेळी शहाणं माणूस काय करील? माहीत असलेल्या रस्त्यानं जाईल आणि त्याच रस्त्यानं परत येईल. कॅलिफोर्नियातल्या मेरी हेगार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये संगणकावरच्या भुलभुलैयात असंच पाहिलं. ठरावीक रस्ता शिकवल्यावर पुरुष जवळची वाट काढून बघण्याकडे जास्त झुकले, स्त्रिया शिकलेल्या रस्त्यानं जाण्याकडे. तिथं पडद्यावर कुणी पाठलाग करणार नव्हतं, उशीर होणार नव्हता. पण जवळची वाट काढून बघण्याची खोड अंगात यायला आधी कुठंतरी खऱ्या रस्त्यावर ती खोड परवडावी लागते.

इथं एक सावधगिरी बाळगायला हवी. बायकांचं खुणांचं ज्ञान किती सूक्ष्म, किती माणसांना धरून असतं, असं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. कागदावरचा नकाशा ही सत्तेची वस्तू आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर काही बायकांची नावं सातबाऱ्यावर लागली, हे मोठंच काम झालं. पण नाव लागणं वेगळं आणि मोजणीच्या वेळी टेबलावर पसरलेल्या नकाशात आपला गट कुठला हे बोट ठेवून सांगता येणं वेगळं. नवरा गेल्यावर बांध सरकवला गेल्याच्या गोष्टी मी पाहणीच्या निमित्तानं किती घरांत ऐकल्यात! त्या बाईंना बांधावरचं प्रत्येक झाड ठाऊक असतं. पण झाड तोडलं की पुरावा जातो, आणि नकाशा वाचता येत नसेल तर बोलायला काही उरत नाही. म्हणून दोन्ही तऱ्हा दोघांना यायला हव्यात. मुलांना गिरणी आणि अंगणवाडी दिसायला हवी, मुलींना वायव्य कोपरा.

आमच्या कामात हे जमतं. दोन नियम आम्ही घातले. पहिला, जोडीनं रोज अदलाबदल करायची: आज नकाशा तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सुरुवातीला मुलींच्या नकाशात उत्तर वाकडी असते आणि मुलांच्या यादीत घरातल्या बायकांची नावं गाळलेली असतात. काही गावांनंतर दोन्ही सुधारतं. अशा नकाशांवरून घरं शोधणाऱ्या पथकाकडून मला कळलं, की सर्वांत उपयोगी कागद ते, ज्यांत गल्ल्या दिशांना धरून आहेत आणि घराच्या चौकोनाशेजारी बारीक अक्षरात "दारात शेवगा", "दुपारी बंद" असंही लिहिलेलं आहे.

दुसरा नियम हा, की प्रशिक्षणात एक दिवस मोकळा ठेवायचा. सगळ्यांना एका अनोळखी गावात सकाळी सोडायचं, फोन पिशवीत. कुठलंही घर करायचं नाही, फॉर्म भरायचा नाही. वाटेल तिथं जायचं, वाटेल तितकं चुकायचं, चारच्या आत थांब्यावर यायचं आणि मग बसून नकाशा काढायचा. गावच्या सरपंचांना आणि आशाताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं असतं. मुली सकाळी जरा घुटमळतात. दुपारपर्यंत ओढ्याच्या पलीकडे गेलेल्या असतात. ज्यांना आठवीपासून शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकल मिळाली आणि ज्या शाळेला रोज परगावी गेल्या, त्यांना हा दिवस सहसा लागतच नाही. अशा सरावानं जागेचं भान वाढतं हे माझं एकटीचं मत नाही. डेव्हिड अट्टल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासून दाखवलं, की जागेसंबंधीची कौशल्यं सरावानं सुधारतात आणि सुधारणा टिकते.

सराव कुठवर पुरतो, तेही सांगायला हवं. चांगल्या तयार झालेल्या मुलीही संध्याकाळ झाली की ओळखीच्या रस्त्याला लागतात, जवळची वाट डोळ्यांसमोर असली तरी. आता त्यांना ती वाट ठाऊक असते. त्या ती घेत नाहीत, कारण त्या वाटेवर दिवा नाही. हे दिव्याचं काम आहे, प्रशिक्षणाचं नव्हे, आणि ते मुलींच्या डोक्यातली उणीव म्हणून मांडणं मला मान्य नाही.

प्रत्येक नव्या पाहणीच्या अंदाजपत्रकात मात्र तो मोकळा दिवस सर्वांत आधी कापला जातो. हिशेब बघणारे विचारतात, या दिवशी जीपचं भाडं आहे, भत्ता आहे, जेवण आहे, आणि भरलेला फॉर्म एकही नाही. मग हा दिवस कशासाठी? मी दरवेळी तो पुन्हा घालते आणि खाली तीच टीप लिहिते, की गाव ओळखण्याचा हा दिवस मुलांनी लहानपणीच फुकटात मिळवलेला असतो, मुलींसाठी तो खर्चात दाखवावा लागतो.